खंडेनवमीची चकचकीत डबी

प्रिय आप्पा,

आपल्या घरात पत्रं लिहायची पद्धत नाही. तुम्ही आयुष्यात दोनच पत्रं लिहिलीत, एक गॅसवाल्याला आणि एक सोसायटीच्या सेक्रेटरीला, आणि दोन्ही तक्रारीची. हे पत्रही तक्रारीचंच आहे. फक्त या वेळी तक्रार माझ्याविरुद्ध आहे आणि ती मीच करते आहे.

परवा सकाळी अकरा वाजता माझी पीएचडीची तोंडी परीक्षा. ती सगळ्यांना खुली असते, कोणीही येऊन मागे बसू शकतं. हे मी घरात सांगायला नको होतं! आईने लगेच साडी इस्त्रीला टाकली. आत्या बदलापूरहून, पार हेंद्रेपाड्यातून येणार आहे, आणि तिने फोन करून विचारलं, "तिथं जेवण असतंय का गं, का डबा आणू सगळ्यांचा?"

तुम्ही असतात तर? पहिल्या रांगेत बसला असतात आणि परीक्षकांच्या आधी तुम्हीच हात वर केला असतात. या भीतीने मी दोन वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं की तुम्हाला तारीख शेवटच्या दिवशी सांगायची. आता सात महिने झाले तुम्हाला जाऊन, आणि बघा, मी दोन दिवस आधी सांगते आहे.

पण तारीख सांगायला हे पत्र नाही. माझ्या प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात एक ओळ आहे, इंग्रजीत. तिचा अर्थ असा, की प्रयोगाचं एक उपकरण 'एका स्थानिक कारागिराकडून' दुरुस्त करून घेतलं आणि त्यात ते दूषित झालं. तो स्थानिक कारागीर म्हणजे तुम्ही. हे काल सकाळपर्यंत मी कोणालाही सांगितलं नव्हतं, माझ्या सरांनाही नाही.

सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला अर्धं माहीत आहे, पण मधे बोलू नका.

तुम्हाला माझा विषय समजला होता का हो? आई म्हणते, अजिबात नाही. मी म्हणते, आमच्या विभागातल्या निम्म्या लोकांपेक्षा लवकर समजला. आठवतंय, त्या वेळी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात कसलंसं दुरुस्तीचं काम निघालं होतं आणि आपल्याकडे दोन दिवस नळ कोरडा होता? रविवार होता. तुम्ही गॅलरीत टँकरची वाट बघत उभे होतात, आणि वेळ जात नव्हता म्हणून म्हणालात, "सांग बरं, तू नक्की काय करतेस ते."

मी सांगितलं. काही द्रव्यं थराथरांची असतात. एकेक थर अणूंचा, इतका पातळ की त्याला जाडी आहे असं म्हणायलाही लाज वाटावी. त्यातला प्रत्येक अणू म्हणजे एक बारकं लोहचुंबक. एका थरातले सगळे एकाच दिशेला तोंड करून असतात. पण त्याच्या वरचा थर बरोबर उलट्या दिशेला, त्याच्या वरचा पुन्हा उलटा. म्हणून बाहेरून बेरीज शून्य, आणि चुंबकत्व दिसतच नाही.

"म्हणजे आपली सोसायटी," तुम्ही म्हणालात.

"कशी काय?"

"अगं, मजल्यावर एकी. दुसऱ्या मजल्याशी बोलचाल बंद. कुंड्यांच्या पाण्यावरनं, चपलांवरनं, कशावरनं पण. बाहेरच्याला वाटतं बिल्डिंगमध्ये कोणी राहतच नाही. पुढे?"

पुढे आम्ही ते द्रव्य दाबतो, मी म्हटलं. प्रचंड दाबतो. थर जवळ येतात, आणि नुसते जवळ येत नाहीत, जरासे बाजूलाही सरकतात. कुठल्या अणूवर कुठला अणू आला यावर मग ठरतं, भांडण चालू राहतं की सगळे एका दिशेला वळतात.

तेवढ्यात टँकर आला. तुम्ही बादली उचललीत आणि खाली बोट दाखवलंत. चारही मजल्यांची माणसं एका रांगेत उभी होती, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची कळशी धरून होत्या! "हे बघ," तुम्ही म्हणालात, "प्रेशर आलं. वळले सगळे."

जिना उतरता उतरता तुम्ही तो प्रश्न विचारलात जो मला पहिल्या वर्षात स्वतःहून सुचला नव्हता. "आणि प्रेशर काढलं की?" मी म्हटलं, काही द्रव्यांत दाब काढला तरी मिटलेलं भांडण मिटलेलंच राहतं. तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, "मग आपल्यापेक्षा बरी आहेत."

सोमवारी नळाला पाणी आलं. संध्याकाळी मला प्रयोगशाळेत तुमचा फोन. मी हातातलं काम टाकून उचलला, कारण तुम्ही कामाच्या वेळेत कधी फोन करत नव्हतात. "प्राजू," तुम्ही म्हणालात, "आपलं मटेरियल परत उलटं झालं बघ. कुंड्यांवरनं."

एकच अडचण मी तुम्हाला सांगितली होती. हे सगळं कडाक्याच्या थंडीत चालतं, आपण कल्पनाही करू शकणार नाही अशा थंडीत. जरा ऊब लागली की अणूंची तोंडं वाट्टेल तिकडे. असं थरांचं द्रव्य दाबून आपल्या अंबरनाथच्या हवेत चुंबक म्हणून टिकवणं, हे स्वप्न. "मग दाब की अजून!" तुम्ही म्हणालात. जसं काही मी आळस करत होते.

दाबायचं साधन म्हणजे आमचा प्रेशर सेल. तुम्ही त्याला पहिल्या दिवसापासून डबी म्हणालात, तर डबीच म्हणू. अंगठ्याएवढी, गोल, बेरिलियम घातलेल्या तांब्याची, कारण त्या मिश्रधातूला स्वतःचं चुंबकत्व जवळपास नसतं. मधल्या भोकात नमुना ठेवायचा, दोन बाजूंनी दांडे घालायचे, नट आवळून दाब आत कोंडायचा, आणि अख्खी डबीच मोजणाऱ्या यंत्रात सोडायची. ते यंत्र फार बारीक कानाचं आहे. डबीची कुजबुजही त्याला ऐकू येते. म्हणून आधी रिकामी डबी मोजायची, मग भरलेली, आणि वजाबाकी करायची. वजाबाकी, आप्पा! दुसरीतलं गणित. त्यात मी पडले.

आधीपासून अडकणारा डबीचा नट नवरात्रात पुरता जाम झाला. संस्थेच्या वर्कशॉपने आधी दोनदा हात लावून सोडून दिला होता, आणि आता तर सुट्ट्याच. मी डबी रुमालात गुंडाळून घरी आणली. तुम्ही चष्मा कपाळावर ढकललात, डबी नाकाजवळ नेलीत आणि म्हणालात, "कोणी आवळलाय हा? गाढवाने?"

मीच आवळला होता.

"मोकळा होईल का पण?"

"मग टूलरूममध्ये तीस वर्षं काय भजी तळली का मी?"

निवृत्त होऊनही तुम्ही औद्योगिक वसाहतीतल्या त्या मित्राच्या गाळ्यात रोज जात होतात, तिथल्या एका जुन्या लेथवर आणि व्हाइसवर काम करायला. आई म्हणायची, रिटायर झालेत ते फक्त पगारातून. मी तुम्हाला बजावलं, "फक्त नट मोकळा करा. बाकी काही करू नका." आप्पा, हे 'बाकी काही करू नका' तुम्हाला कधी जमलं होतं का? रिमोट बघायला दिला तर तुम्ही टीव्ही उघडून ठेवत होतात!

पुढचं मला नंतर कळलं, आणि तेही तुमच्याच तोंडून.

नट तुम्ही तासाभरात सोडवलात. जरा ऊब देऊन, तेल मुरवून, धीर धरून. मग थ्रेडचा एकेक आटा तपासून त्याचे ओरखडे काढलेत. इथे थांबला असतात तर तुम्हाला सोन्याचं कडं घालायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला गाळ्यात हत्यारांची पूजा. पाटावर लाल फडकं, त्यावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, पान्हे, कानशी, आणि झेंडूचा हार व्हाइसला. तुमच्या उस्तादाने तुम्हाला शिकवलं होतं की मळकं हत्यार पूजेला ठेवायचं नाही. म्हणून दर वर्षी तुम्ही एकूणएक वस्तू घासायचात. त्या वर्षी पाटाच्या मध्यभागी लेकीची डबी बसवायची होती, मग ती सगळ्यांत जास्त घासायला नको? घासलीत. आतून, बाहेरून, आट्यांमधून. लोखंडी तारेच्या त्याच ब्रशाने, ज्याने सकाळपासून पोलादाचे जॉब साफ करत होतात.

आणि बारके भाग गडगडून हरवू नयेत म्हणून ते ठेवलेत कुठे? जुन्या लाऊडस्पीकरच्या त्या लोहचुंबकावर, ज्याच्या अंगावर गाळ्यातला सगळा लोखंडी चुरा दाढीसारखा उगवलेला असायचा. भाग काही चिकटले नाहीत. तुम्हाला तर माझ्या संस्थेची कीव आली. "मॅग्नेट पण धरत नाही, कसला माल देतात पोरांना," असं तुम्ही मित्राला म्हणालात. मग हळद, कुंकू, अक्षता, फूल, आरती. माझ्या पदवीसाठी तुम्ही नारळही फोडलात.

दसऱ्याला तुम्ही आपट्याच्या पानांबरोबर डबी माझ्या हातावर ठेवलीत. काय चकाकत होती! नट एका बोटाने फिरत होता. मी वाकून नमस्कार केला, आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं लाडाने कोणी माझ्या कामाला हात लावला नव्हता.

दिवाळीच्या आधी नमुना भरला, दाबला, यंत्रात सोडला. थंडीत चुंबकत्व दिसलं. तापमान वाढवत नेलं. आता जाईल, आता जाईल म्हणून मी पडद्याकडे बघत बसले, आणि ते जाईचना! खोलीच्या तापमानालाही ठणठणीत. मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, मग उगाच जाऊन हात धुऊन आले. रिकाम्या डबीचं मोजमाप माझ्याकडे होतंच. उन्हाळ्यातलं. म्हणजे तुम्ही घासायच्या आधीचं. मी तेच वजा केलं.

आमचे सर उत्तरेकडचे, अतिशय सावध माणूस. दुधाचा चहाही वास घेऊन पितात. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला. "प्राजक्ता, ये इतना अच्छा है कि मुझे डर लग रहा है. खाली सेल फिर से नापो."

मी "हो सर" म्हटलं आणि रिकामी डबी मोजली नाही. यंत्राची पाळी नव्हती, हे एक कारण. खरं कारण, मला भीती वाटत होती. आणि तोवर मी तुम्हाला फोन करून बसले होते.

तुम्हाला सांगणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं! अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनपासून आपल्या दारापर्यंत तुम्ही एकही ओळखीचा माणूस पेढ्याशिवाय सोडला नाहीत. तेवढ्याने भागलं नाही म्हणून पेढे घेऊन उल्हासनगरला हरीशशेठच्या दुकानात गेलात, जिथून तुम्ही तीस वर्षं ड्रिल आणि ब्रश घेत होतात. "शेठ, हमारी लडकी ने नया चुंबक बनाया."

हरीशशेठ पक्का सिंधी व्यापारी. "वाह साईं! कितने किलो का?"

"अभी तो चिमटीभर है."

"तो माल निकलेगा कब?"

तुम्ही घरी येऊन मला तेच विचारलंत. मी हसत सुटले, तर तुम्ही रागावलात, म्हणालात, शेठ धंद्याचं बरोबर बोलतो. तिकडे आत्याने हेंद्रेपाड्यात सांगून टाकलं की प्राजूच्या चुंबकाने गुडघे बरे होतात. तिच्या भजनी मंडळातल्या तीन बायका आपल्या घरी येऊन गेल्या. त्यांना परत पाठवायचं सोडून तुम्ही काय म्हणालात? "जरा टायम लागेल."

मग एके दिवशी यंत्र रिकामं मिळालं, आणि मी रिकामी डबी मोजली.

आप्पा, तोच आलेख! नमुना नाही, दाब नाही, आणि चुंबकत्व जसंच्या तसं. सर माझ्या मागे उभे होते. "लोहा," ते म्हणाले, आणि खोलीत निघून गेले. लोखंडाला कुठली थंडी लागते? ते तर अंबरनाथच्या मे महिन्यातही चुंबकाला चिकटतं. मी महिनाभर जगातला शोध म्हणून जे मिरवत होते, तो तुमच्या ब्रशाचा चुरा होता. विभागात मी त्यावर भाषणसुद्धा दिलं होतं, आणि टाळ्या घेतल्या होत्या.

मी जिन्यात जाऊन तुम्हाला फोन लावला. "आप्पा, तुम्ही डबीला काय काय केलंत?"

तुम्हाला किती आनंद झाला विचारल्याचा! तुम्ही ब्रश सांगितलात, चुंबक सांगितलंत, पूजा सांगितलीत, सगळं क्रमाने. आणि शेवटी म्हणालात, "का गं, अजून चमकवून पाहिजे?"

मी काय बोलले ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तक्रार पुरी लिहायची असते. "कोणी सांगितलं होतं अक्कल चालवायला? मी काय करते ते तुम्हाला कळतं तरी का?" जिन्यातून जाणारे दोघं थांबून बघायला लागले.

तुम्ही म्हणालात, "बरं." मग म्हणालात, "जेवलीस का?" मी फोन ठेवून दिला.

तुम्ही माझ्याशी भांडला का नाहीत हो? गॅसवाल्याशी भांडायचात, सेक्रेटरीशी भांडायचात, टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायचात. त्या दिवशी एकदा ओरडला असतात तर फिटलं असतं.

त्या शनिवारी मी घरी होते. सरांचा फोन आला, "सेल किसको दिया था?" मी हॉलमध्ये उभी राहून, चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं, "है सर, एक लोकल आदमी. बाहर का कारागीर." मागे वळले तर दारात तुम्ही. हातात दोन कप चहा. एक माझ्यापुढे ठेवलात आणि दुसरा घेऊन गॅलरीत गेलात.

त्यानंतर आपण रोज बोललो. भाजीवर बोललो, आईच्या रक्तदाबावर बोललो, आत्याच्या सुनेवर तर तासभर बोललो. डबीवर एकदाही नाही. मला वाटायचं, निकाल नीट लागू दे, मग सांगू, मग दोघं हसू. थंडी संपायच्या आत तुम्ही एका दुपारी गाळ्यावरून आलात, "जरा पडतो" म्हणालात, आणि उठलाच नाहीत.

मी आईला एकदा म्हटलं, माझ्या बोलण्यानेच गेले असतील. ती अशी भडकली! "बिड्या कोण ओढत होतं, तू का? काही पण स्वतःच्या अंगाला लावून घेते." मग पदर तोंडाला लावून बसली. मला तिच्या ओरडण्याने जितकं बरं वाटलं तितकं कोणाच्या सांत्वनाने वाटलं नाही.

बाराव्याला हरीशशेठ आले. तुमच्या फोटोसमोर बसले आणि म्हणाले, "तेरे पापा लास्ट टाइम आए ना बेटी, तो पीतल का ब्रश माँगा. मैंने बोला, साईं, स्टीलवाला लो, मजबूत है. बोले, नहीं शेठ, मेरी लडकी के काम में लोहे की धूल भी नहीं चलती. इतना बारीक काम है उसका."

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात गेले. खिडकीजवळ तुम्ही एक वेगळं टेबल लावलेलं. त्यावर तो पितळी ब्रश, प्लास्टिकचा ट्रे, धुतलेलं फडकं. भिंतीवर खडूने, तुमच्या तिरप्या अक्षरात, 'इथे लोखंड आणू नये.' आप्पा! आयुष्यभर लोखंडावर जगलेला माणूस! तुमचे मित्र म्हणाले, "आम्हाला पण हात लावू देत नव्हता तिथं. पोरगी परत काम आणेल म्हणायचा." मी तिथे स्टुलावर बसून रडले, आणि ते बिचारे उगाच लेथला तेल घालत राहिले.

तिथे बसल्यावर मला एक गोष्ट उमगली, आणि ती मी सात महिने कोणाला बोलले नाही. 'डबीला लोखंड लागता कामा नये' हे मी तुम्हाला आधी सांगितलंच नव्हतं. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं सुचलं नाही. तुम्हीच सांगायचात ना, ड्रॉइंगवर माप लिहिलेलं नसेल आणि जॉब बिघडला, तर फिटरला बोलायचं नाही, ड्रॉइंग काढणाऱ्याला बोलवून आणायचं? मग तुम्ही मला का नाही बोलवून आणलंत?

आता ऐका, खरी बातमी.

तुम्ही गेल्यानंतर डबी आम्ही आम्लाने हलकीशी धुतली, वरचा अगदी पातळ पापुद्रा काढला. रिकामी मोजली. गप्प! चार वेळा मोजली, चारही वेळा गप्प. मग नमुना भरून दाबत गेले. पूर्वी नट एका ठरावीक जागी धरायचा आणि मी घाबरून थांबायचे. आता तो त्या जागेच्या पुढे गेला, लोण्यातून जावा तसा, आणि दाबही धरून राहिला. आणि त्या पुढच्या टप्प्यातच माझे थर वळले. सगळे मजले, एका दिशेला! अर्थात कडाक्याच्या थंडीतच. भजनी मंडळाच्या गुडघ्यांना काही उपयोग नाही, किलोवर तर कधीच जाणार नाही. पण ते खरं आहे, आप्पा.

तुमच्या हाताशिवाय ती डबी तिथवर पोचली नसती. प्रयोगाच्या वहीत तुमच्या दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची पानं शेजारी ठेवली की कोणालाही दिसतं. मी ती पानं परीक्षेच्या तयारीसाठी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा शेजारी ठेवली, आणि मग मला स्वस्थ बसवेना.

काल सकाळी मी ती वही घेऊन सरांच्या खोलीत गेले. "सर, वो लोकल आदमी मेरे पापा थे."

सरांनी चष्मा काढला. "बताया क्यों नहीं?"

"शर्म आई, सर."

"किसकी?"

मी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती वही ओढून घेतली, दोन्ही पानांवर बोट फिरवलं. "ये थ्रेड हमारे वर्कशॉप से नहीं हुआ था. जिससे हुआ, उसका नाम थीसिस में नहीं है. ये गलती है. फायनल कॉपी में ठीक करो. लोहा भी लिखो, थ्रेड भी लिखो." मी उठले, दारापर्यंत गेले, तेव्हा मागून म्हणाले, "और वो पूजा हर साल करो. मगर दूर से."

तर आप्पा, वचन देते. अंतिम प्रतीत 'स्थानिक कारागीर' नसेल. तिथे तुमचं नाव असेल, वडिलांच्या नावासकट पूर्ण, आणि तुमचा हुद्दा, टूलरूम फिटर. डबी कशाने दूषित झाली ते असेल, ती कोणी मोकळी केली ते असेल, आणि सूचना अपुरी दिली होती हेही असेल.

पण ते छापायला महिना जाईल, आणि छापलेलं कोण वाचतं? म्हणून परवाच, पाचव्या प्रकरणावर आले की मी थांबेन. मी सांगेन की हे माझे वडील आहेत. आणि सांगेन की ते जिवंत असताना, त्यांना ऐकू जाईल असं, मी त्यांना बाहेरचा माणूस म्हटलं. कोणी विचारलं नसलं तरी सांगेन. तेव्हा आईकडे मात्र बघणार नाही, कारण बघितलं तर पुढची स्लाइड लावता येणार नाही.

तुमचीच,
प्राजू